अस्तर मागे राहिलं

१

गुरूम भवनात मारलेली हाक सरळ येत नाही. भिंतींना तिथे कोपरेच नाहीत. छत कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते हे वर्षानुवर्षं तिथे काम करणाऱ्यांनाही सांगता येत नाही. आवाज वळणावळणानं घरंगळत येतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, झोपेत कुणीतरी आपल्याला बोलावतंय.

त्या मंगळवारी सकाळी साडेनऊला सोल युराची किंकाळी नामगुंग ओक्हीपर्यंत अशीच पोचली. आधी नुसता श्वास, मग शब्द.

"कोट! कोट कुठाय?"

ओक्ही धावली नाही. सव्वीस वर्षं पोलिसात चोऱ्यांचा तपास केल्यावर आणि आता तीन वर्षं या भवनाची सुरक्षा सांभाळल्यावर तिला एक कळलं होतं: धावत गेलं की पहिली गोष्ट नजरेतून सुटते. ती उताराच्या पांढऱ्या वाटेनं शांतपणे वर गेली. बाहेर तोंगदेमुनचा कापडबाजार जागा झाला होता, कापडाचे गठ्ठे लादलेल्या मोटारसायकली भुणभुणत होत्या. इथे आत मात्र धुक्यातून चालल्यासारखं वाटत होतं. गुरूम म्हणजे ढग. बाजाराच्या ऐन गर्दीत एखादा ढग टेकावा आणि परत वर जायचं विसरून जावा, तशी ती इमारत होती.

सगळ्यात वरच्या गोल खोलीत प्रदर्शनाची प्रमुख युरा तोंडावर हात धरून उभी होती. तिच्यासमोर पुतळा होता. कालपर्यंत त्याच्या अंगावर गडद निळा लोकरी कोट होता: प्रसिद्ध फॅशन डिझायनर बेक सांगरोक यांचा पहिला कोट, १९८४ सालचा. सगळं प्रदर्शन त्या एका कोटाभोवती रचलेलं.

आज पुतळ्याच्या अंगावर कोटाची नुसती सावली होती. फिकट, चहाच्या रंगाचं तलम रेशीम, खांद्यावर नीट बसवलेलं, दोन्ही बाह्या सरळ सोडलेल्या. खोलीतल्या वाऱ्याच्या झुळकीनं ते हलत होतं, जणू आत कुणीतरी श्वास घेत होतं.

कोट गेला होता. त्याचं अस्तर मागे उभं होतं.

२

"तीन वाजता वार्ताहर येणार आहेत," संचालक फोनवर म्हणाले. "तोवर कोट सापडला नाही तर प्रकरण पोलिसांकडे. आणि त्या दुरुस्तीवाल्या मुलीला त्यांच्या ताब्यात द्यायचं."

"कुठल्या मुलीला?"

"पांग बोरामला. तिचं उसवायचं पातं तिच्या पेटीत नाही म्हणे. युरानं सांगितलं मला."

ते पातं ओक्हीलाच सापडलं, पुतळ्याच्या चौथऱ्यामागे. बोटाएवढी लाकडी मूठ, पुढे वाकडं टोक. मुठीवर बोरामच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती.

आठ ते साडेनऊच्या दरम्यान त्या मजल्यावर तिघंच होती: युरा, बोराम आणि स्वतः बेक सर. खोलीतले कॅमेरे संध्याकाळी बसायचे होते. खाली बाहेर पडायचं दार एकच, आणि तिथे चोन काका प्रत्येकाची पिशवी उघडून बघत.

ओक्हीनं अस्तराभोवती दोन फेऱ्या मारल्या. कुठेही फाटलेलं नाही. कुठेही ओढ पडलेली नाही. मग तिनं डाव्या बाहीत हळूच हात घातला. बाहीच्या आतल्या शिवणीत वीतभर फट होती. तिथला दोरा कापलेला नव्हता. अख्खाच्या अख्खा ओढून काढला होता आणि टोकाला लोंबत होता.

चोराला घाई असते. या चोरानं निवांत बसून टाके उसवले होते, आणि वर अस्तराचे खांदेही सरळ केले होते.

कशासाठी?

३

बोराम दुरुस्तीच्या खोलीत बसली होती. वय असेल एकोणतीस. डोळे रडून लाल, पण आवाज ताठ.

"पातं माझंच आहे, मॅडम. पेटी दिवसभर उघडी असते. कुणीही उचलू शकतं."

"तुला हे अस्तर सोडवायचं असतं तर सुरुवात कुठून केली असतीस?"

"खालच्या घेरापासून. तिथे हाताचे टाके असतात, पटकन निघतात. सगळे तसंच करतात."

"डाव्या बाहीतून नाही?"

बोरामनं वर बघितलं. "बाहीतून? का म्हणून?" आणि मग थांबून, "थांबा. बाहीत फट आहे का?"

"आहे."

"म्हणजे कोट तिथून उलटवला होता." तिनं समोरचा रुमाल दुमडून दाखवला. "हे बघा. कोट आणि अस्तर आधी उलट्या बाजूनं एकमेकांना शिवायचे. पिशवी होते. मग एका फटीतून सगळा कोट बाहेर ओढून सुलटा करायचा आणि शेवटी ती फट हातानं बंद करायची. फट कुठे ठेवायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं. बंद केल्यावर दिसत नाही. मी महिनाभर तो कोट हाताळला, मलाही दिसली नाही."

"मग कुणाला माहीत असणार?"

"ज्यानं बंद केली त्याला."

तिनं दुमडलेला रुमाल बाजूला ठेवला. ओक्हीनं बार्लीचा चहा तिच्याकडे सरकवला.

"एक गोष्ट मी युरामॅडमना पंधरा दिवसांपूर्वी सांगितली होती," बोराम शेवटी म्हणाली. "त्यांनी मला तोंड बंद ठेवायला सांगितलं."

"काय सांगितलं होतंस?"

"तो कोट एका माणसाचा नाही. वरचं काम एका हाताचं आहे आणि अस्तर दुसऱ्याच हाताचं."

४

युरा कबूल करायला अजिबात तयार नव्हती. मग एकदम सगळं बोलली.

"हो, सांगितलं होतं तिनं! आणि मी काय करायला हवं होतं, ओक्हीताई? दोन वर्षं झटतेय मी या प्रदर्शनासाठी. 'एका माणसानं, एका थंडीत, एकट्यानं शिवलेला कोट', दारावर हेच वाक्य लिहिलंय. त्या वाक्यावर सगळं उभं आहे."

"मग कोट नाहीसा झाला तर बरंच झालं की. आता दोन हात कुणी मोजायला नकोत."

"मी चोर वाटते तुम्हाला?"

"तू घाबरलेली वाटतेस. अस्तर कुठून सोडवलं असतंस?"

"मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही," युरा म्हणाली आणि त्या अवस्थेतही दोघींना किंचित हसू आलं.

खाली दाराशी चोन काका हातावर हात चोळत उभे होते. बाहेर गिंकोची झाडं पिवळी झाली होती, आणि वारा आला की ती पानं भवनाच्या रुपेरी पाठीवरून घसरत खाली येत होती.

"बाहेर कोण कोण गेलं काका?"

"बोराम पोरगी गेली, पिशवी बघितली. दोऱ्याची रिळं. बेक सर गेले, साडेआठला, गरम रस्सा प्यायला. पिशवी नव्हतीच. सव्वानऊला परत आले. बास."

"सर कसे दिसत होते?"

"गारठलेले, बाईसाहेब! उणे चार आहे बाहेर. आणि हा माणूस कोट हातावर टाकून चाललेला. म्हटलं, सर, अंगात घाला. तर म्हणाले, उकडतंय. येताना घातला होता मात्र. थंडी काय कुणाला सोडते?"

ओक्हीनं मान हलवली. तिची नजर पानांवर होती.

"आणि काल दुपारी? आजूबाजूच्या वस्तीतली माणसं बघायला आली होती ना?"

"आली की. छांगसिनच्या टेकडीवरच्या शिलाईवाल्या बाया, बसभर. त्यातली एक म्हातारी भारी फटकळ. त्या कोटापुढे उभी राहिली नि म्हणते, 'कॉलर जरा वर चढवलीय, खाली ओढा.' बेक सर शेजारीच होते. इतक्या मोठ्या माणसाच्या तोंडावर! बिचारे खालीच बसले."

"तिचं नाव?"

"भेट देणाऱ्यांच्या वहीत असेल की," चोन काका म्हणाले. "पण कमाल आहे. आज सकाळी बेक सरांनीही तीच वही मागितली होती."

५

बेक सांगरोक खिडकीपाशी बसले होते. तिथे भिंत पातळ होत होत काच होते. वय एकसष्ट, केस पूर्ण पांढरे, हात मात्र तरुण माणसाचे.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण वस्तूंना आयुष्य असतं. संपतं कधीतरी."

"सर, तो कोट कसा शिवला, सांगाल?"

"त्या कोटात मी या शहराची थंडी बेतली," ते सावकाश म्हणाले. "निळा हा उत्तररात्रीचा निळा. खांदे म्हणजे टेकडीची रेषा."

हे सगळं दारावरच्या माहितीपत्रात छापलेलं होतं, शब्दन् शब्द.

"बाही किती तुकड्यांची होती?"

"बाही?" ते थबकले. "दोन... दोन असावेत. खूप वर्षं झाली."

"आणि अस्तर?"

बेक सरांचा चेहरा मऊ झाला. हात मांडीवरून उठले आणि हवेत काम करू लागले.

"रेशीम आधी भिजवायचं. उन्हात नाही, सावलीत वाळवायचं, नाहीतर नंतर आकसतं. सुई सगळ्यात बारीक. दोरा मेणातून दोनदा ओढायचा. पाठीच्या मधोमध एक चुणी ठेवायची, हात पुढे केला की अस्तराला जागा हवी. बाहीला बोटभर जास्त लांबी. अस्तर कधी ओढलं जाऊ नये. ज्यानं कोट घातलाय त्याला ते आहे हे कळूसुद्धा नये."

बोटं थांबली. त्यांनी ती दुमडून घेतली, जणू ती नको ते बोलून गेली होती.

"मी जरा जेवून येतो," ते उठत म्हणाले. "तीनपर्यंत परत येईन."

ओक्हीनं त्यांना जाऊ दिलं. मग वही उघडली. सतरा नावं होती. एका नावाखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती: योम गिल्ये, छांगसिन, लाल विटांची चढण.

६

छांगसिनच्या टेकडीवर गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की समोरच्या घरातल्या इस्त्रीची वाफ या घराच्या खिडकीत शिरते. त्या दुपारी ती सगळी वाफ थंडीत गोठून गल्लीभर तरंगत होती. दिसत काहीच नव्हतं, फक्त मशिनींचा आवाज येत होता, दहा दारांमागून, पाऊस लागल्यासारखा.

चढणीच्या मध्यावर वाफ जरा विरळ झाली आणि ओक्हीला पायरीवर बसलेला माणूस दिसला. अंगात काळा कोट, मांडीवर निळा. ओठ थंडीनं जांभळे पडले होते.

ती शेजारी बसली.

"समोरचंच दार आहे ना?"

बेक सरांनी मान हलवली.

"केव्हापासून बसलाय?"

"तास झाला असेल. दार वाजवायची हिंमत होत नाही." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"आधी मला वाटलं, कोट पातळ व्हावा, लपवता यावा म्हणून अस्तर काढलं. पण रेशमाला वजनच नसतं. ते काढून काही फायदा नाही. म्हणजे ज्यानं ते मागे ठेवलं, त्याला ते मागेच ठेवायचं होतं. मग ती बाहीतली फट. ती जागा फक्त बंद करणाऱ्यालाच माहीत. म्हणजे अस्तर लावणारा. आणि तुम्हाला बाही किती तुकड्यांची ते सांगता येईना, अस्तरावर मात्र तुमची बोटंच बोलत होती."

"आणि बाहेर कसा नेला?"

"उणे चारमध्ये माणूस आपला कोट हातावर टाकून जातो आणि येताना अंगात घालून येतो. जाताना त्या कोटाच्या पोटात दुसरा कोट होता. मधल्या वेळात तो स्टेशनातल्या लॉकरमध्ये असणार."

बेक सर निळ्या लोकरीवरून हात फिरवत राहिले.

"तिचा होता तो तिनं न्यावा, माझं होतं ते तिथे राहावं," ते म्हणाले. "इतकंच मनात होतं. वाटलं, कोटच नसेल तर कुणी काही विचारणार नाही."

"विचारतायत ना. खाली पांग बोरामला विचारतायत."

त्यांना कळलं नाही. "बोरामला? का?"

"पातं तिचं होतं, सर. तीन वाजता तिला पोलिसांच्या हवाली करणार आहेत."

बेक सरांचा चेहरा कागदासारखा झाला. ते काही बोलायच्या आत ओक्ही उठली आणि तिनं समोरचं दार वाजवलं.

७

"दार लावा, ऊब जाते!" आतून आवाज आला.

खोलीत एक मशीन, एक इस्त्री, छतापर्यंत कापलेल्या बाह्यांचे गठ्ठे. मशिनीवर पासष्टीची बाई होती, चष्मा कपाळावर. तिनं आधी ओक्हीकडे बघितलं, मग मागच्या माणसाकडे, मग त्याच्या हातातल्या निळ्या कोटाकडे. पायाखालचं मशीन आणखी दोन टाके चाललं आणि थांबलं.

"सांगरोक," ती म्हणाली. "म्हातारा झालास की रे."

"ताई," ते म्हणाले आणि भर खोलीत गुडघ्यावर बसले. एकवीस वर्षांचा अस्तर लावणारा कामगार बसला असता तसेच. "तुम्ही दवाखान्यात होतात. छातीचं दुखणं. सगळे म्हणत होते, आता येत नाही. कोट खुंटीवर होता. अस्तर नुकतंच लावून झालं होतं. स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. मी नेला. नाव विचारलं, मी माझं सांगितलं."

"बक्षीस मिळालं ना? वाचलं होतं मी."

ओक्हीला धक्का बसला. "तुम्हाला माहीत होतं?"

"सहा वर्षांनी कळलं. पेपरात फोटो आला होता. माझ्या हाताची कॉलर मी ओळखणार नाही का?" गिल्येनं चष्मा डोळ्यांवर ओढला. "तोवर सगळं होऊन गेलं होतं. मी दवाखान्यातून आले, खुंटी रिकामी. माळ्यावरच्या खोलीत आम्ही दोघीच राहायचो, मी आणि मा बुन्सिम. मी नसताना खोली तिच्या ताब्यात. मी तिला चोर म्हटलं. कारखान्यातल्या सगळ्यांसमोर. तिची पेटी उचलून रस्त्यावर रिकामी केली. ती एक शब्द बोलली नाही. कपडे गोळा केले आणि गेली."

मशिनीच्या दिव्याखाली वाफ फिरत होती. शेजारच्या घरातला रेडिओ कुजबुजत होता.

"कोटाचं दुःख मी केव्हाच सोडलं, सांगरोक. असे पाचशे कोट शिवले नंतर. पण तू तो घेऊन गेलास तेव्हा माझ्या तोंडून तिच्यावर आळ आणलास. त्याचं काय करायचं?"

बेक सरांनी निळा कोट दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

ओक्हीला वाटलं, आपण बोलू नये. तरी ती बोलली. "आज खाली एका मुलीवर तोच आळ आलाय. त्याच कोटासाठी. पावणेदोन वाजलेत."

गिल्येनं क्षणभर दोघांकडे बघितलं. मग खुंटीवरचं गुबगुबीत जाकीट काढून अंगात चढवलं आणि इस्त्रीची वायर उपटली.

"उठ," ती म्हणाली. "आणि या खेपेला नाव विचारलं की नीट सांग."

८

तीन वाजता वरच्या गोल खोलीत चाळीस माणसं होती. मध्ये अस्तर तसंच उभं होतं. वार्ताहरांना वाटलं, प्रदर्शनाची मांडणीच अशी आहे, आणि ते भारावून फोटो काढत होते.

बेक सांगरोक निळा कोट हातात घेऊन पुढे आले. फार बोलले नाहीत. हा कोट योम गिल्ये यांनी बेतला, कापला, शिवला. मी फक्त अस्तर लावलं. चाळीस वर्षं मी खोटं बोललो. आज सकाळी कोट मीच काढून नेला, पांग बोरामचा त्यात काडीचाही संबंध नाही. त्या खोलीत आवाज उशिरा फिरतो. शेवटचं वाक्य भिंतींवरून दोनदा परत आलं, आणि तोवर कुणी हललं नाही.

मग गलका झाला. संचालक घामाघूम झाले. चोरीची तक्रार नोंदवायची की नाही यावर आठवडाभर बैठका चालल्या. शेवटी बेक सरांचं नाव सगळ्या पाट्यांवरून उतरवावं असं ठरलं. तेव्हा टेकडीवरून निरोप आला की अस्तराच्या पाटीवर ते राहू द्या, अस्तर पोरानं चांगलं लावलं होतं. बोरामची नोकरी पक्की झाली. दारावरचं वाक्य युरानं स्वतः खरवडून काढलं, रात्रभर झोप नसल्यासारख्या चेहऱ्यानं, पण हलक्या हातानं.

हे सगळं नंतरचं. त्या दुपारी माणसं बेक सरांभोवती गोळा झाली होती आणि ओक्ही गिल्येला शोधत होती. ती कोटाजवळ नव्हती. खोलीबाहेरच्या उतारावर, भिंतीची काच होते तिथे, ती एकटीच उभी होती. खाली बाजार पसरला होता. गठ्ठे, मोटारसायकली, पिवळी पानं. इतक्या वरून त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं.

बोराम तिथवर आली, कमरेत वाकली. तिला आभार मानायचे होते, पण शब्द सुचेनात.

"जा पोरी, काम कर," गिल्ये म्हणाली. बोराम गेल्यावर ती ओक्हीकडे वळली.

"तुम्ही पोलिसात होतात म्हणे. माणसं शोधता येतात तुम्हाला?"

"वस्तू जास्त शोधल्या," ओक्ही म्हणाली. "माणसंही शोधलीत."

"बावीस वर्षांची होती. डाव्या भुवईवर व्रण. आई मोक्फो बंदरात मासे विकायची." गिल्येचा आवाज खाली आला. "सापडली तर काय बोलायचं, ते मला माहीत नाही. जिवंत आहे की नाही, तेही माहीत नाही."

ओक्हीनं खिशातून वही काढली, कोरं पान उघडलं.

"ते नंतर बघू. आधी पूर्ण नाव सांगा. जन्मसाल आठवतं?"

गिल्येनं काचेवर हात टेकला.

"मा बुन्सिम," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, जणू उताराच्या पार टोकापर्यंत तो आवाज जायला हवा होता, "मा बुन्सिम. एकोणीसशे बासष्ट."